पूरक-निरोधके, व्हायरसजन्य

मनुष्याच्या रक्तातील पूरक प्रथिनांच्या विक्रियाशृंखलेत सी३-परिवर्तक हे एंझाइम मध्यवर्ती काम करते. या एंझाइमाला निष्प्रभ करणारी जी प्रथिने काही व्हायरस (विषाणू) तयार करतात, त्यांना व्हायरसजन्य पूरक-निरोधके म्हणतात. ही निरोधके एंझाइमाच्या घटकांना चिकटतात व एंझाइम मोडून टाकतात किंवा त्याचा पाया असलेल्या प्रथिनाचे तुकडे घडवून आणतात. परिणामी शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा शत्रू ओळखूनही त्याच्यावर पुरता आघात करू शकत नाही.

या विषयाच्या इतिहासाला दोन शाखा आहेत. पहिली रक्तरसातील पूरक पदार्थाच्या शोधाची आणि दुसरी देवी या रोगाची व त्यावरील लशीची. जवळजवळ शंभर वर्षे या शाखा वेगळ्या वाढल्या आणि १९८८ साली एकत्र आल्या. दुसऱ्या शाखेचा आरंभ व एकत्रित शाखेचा पुढील विस्तार या दोहोंशी महाराष्ट्राचा निकटचा संबंध आहे. भारतात देवीची लस प्रथम १८०२ साली मुंबईत टोचली गेली, तर देवीच्या व्हायरसाच्या निरोधकातील मर्मस्थाने २००८ साली पुण्यात निश्चित करण्यात आली.

पूरकाचा शोध : रोगप्रतिकारक्षमता कोशिकांमुळे येते की रक्तरसामुळे, हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकातील मोठा वादाचा प्रश्न होता. जॉर्ज नटाल यांनी १८८८ साली असे दाखविले की, ताज्या रक्तात सूक्ष्मजंतू मरतात व रक्त तापविल्यास त्याचा हा गुण नाहीसा होतो. हान्स बूखनर यांनी या नाशवंत पदार्थाला ॲलेक्सिन म्हणजे ‘रक्षक’ असे नाव दिले. रिखार्ट फायफर यांना १८९४ मध्ये असे आढळून आले की, पटकीपासून प्रतिकारक्षम केलेल्या गिनीपिगच्या उदरपोकळीत सोडलेले पटकीचे जंतू विरघळून जातात.

पॅरिस येथील पाश्चर संस्थेत काम करणारे बेल्जियन शास्त्रज्ञ झ्यूल बॉर्दे (१३ जून १८७०–६ एप्रिल १९६१) यांनी १८९५ च्या सुमारास या घटनेची उकल केली. प्रतिकारक्षम प्राण्याचा रक्तरस सुमारे ५६° से. तापमानाला तापविला की त्याची जंतुनाशक शक्ती जाते. परंतु त्यात लस न टोचलेल्या सामान्य प्राण्याचा थोडा ताजा रक्तरस मिसळल्यास ती परत येते. यावरून या कार्यात दोन पदार्थ भाग घेतात, हे सिद्ध झाले. त्यांपैकी उष्णता सहन करणारा व विशिष्ट जंतूला ओळखणारा पदार्थ म्हणजे प्रतिपिंड. दुसरा उष्णतेने नष्ट होणारा असून तो सर्वांच्या रक्तात आधीपासूनच असतो. या दुसऱ्या पदार्थाला जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख (१४ मार्च १८५४–२० ऑगस्ट १९१५) यांनी ‘पूरक’ हे नाव दिले. कारण तो प्रतिपिंडाचे कार्य पूर्ण करतो. बॉर्दे यांना १९१९ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्या पाश्चर संस्थेत हा शोध लागला, तिच्यातच काही वर्षे आधी व्ह. म. हाफकिन (१५ मार्च १८६०–२६ ऑक्टोबर १९३०) यांनी पटकीची लस तयार केली होती. ते १८९३ मध्ये भारतात आले व १८९६ च्या प्लेगच्या साथीत मुंबईला आले. त्यांनी स्थापन केलेल्या प्रयोगशाळेला १८९९ मध्ये परळ येथील जुन्या राजभवनात जागा मिळाली आणि १९२५ साली तिला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. बॉर्दे यांच्या शोधामुळे लशीचे कार्य कोठे थांबते हे स्पष्ट झाले. लशीमुळे शरीरात प्रतिपिंड तयार होतात. परंतु प्रतिपिंड चिकटल्यानंतर जंतूचा प्रत्यक्ष नाश करण्याच्या कामात पूरकाचा मोठा वाटा असतो. म्हणून पूरकच अडविले गेले, तर प्रतिपिंडाचे बळही काही प्रमाणात व्यर्थ जाते. पुढील विवेचनात हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

सी३-परिवर्तक एंझाइम : पूरक हा एक पदार्थ नसून अनेक प्रथिनांचा समूह आहे, हे विसाव्या शतकात हळूहळू कळले. हान्स म्यूलर-एबरहार्ट व त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या दशकात यांतील सर्वांत विपुल असे सी३ हे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले व त्याला फोडणाऱ्या एंझाइमाचे स्वरूप स्पष्ट केले. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात सी३ दर लिटरला साधारणपणे १ ग्रॅम किंवा त्याहून थोडे अधिक असते.

सी३ अखंड असते तोवर निरुपद्रवी असते. परिवर्तक एंझाइम त्याला छेद देते, तेव्हा सी३ए हा लहान व सी३बी हा मोठा असे दोन तुकडे होतात. लहान तुकडा दाह उत्पन्न करण्यास मदत करतो. मोठ्या तुकड्यातील एक रासायनिक बंध छेदानंतर उघडा पडतो आणि त्याच्या योगे तो तुकडा क्षणार्धात जवळच्या पृष्ठभागाला कायमचा चिकटतो. जंतूच्या किंवा व्हायरसाच्या पृष्ठावर असे सी३बी रेणू दाटीने बसले की भक्षिकोशिका त्याला सहज गिळतात. तसेच पुढील विक्रियांनी त्याच्या आवरणाला भोकेही पडू शकतात.

हे एंझाइम दोन प्रकारांनी तयार होते. प्रतिपिंडांमुळे सुरू होणाऱ्या अभिजात मार्गात सी४बी व सी२ए या तुकड्यांच्या जोडीतून ते बनते. पर्यायी मार्गात सी३बी व घटक बीचा तुकडा यांच्या जोडीतून ते बनते. दुसऱ्या प्रकाराचे वैशिष्ट्य असे की, विक्रियेतून बाहेर पडलेले सी३बी स्वतःच नव्या एंझाइमाचा पाया होते. त्यामुळे ठिणगीतून वणवा पेटावा तशी ही विक्रिया झपाट्याने वाढते.

असा वणवा स्वतःच्या कोशिकांवर पसरू नये यासाठी शरीरात नियंत्रक प्रथिने असतात. घटक एच, सी४बी-बंधक प्रथिन व कोशिकांच्या पृष्ठावरील काही प्रथिने ही त्यांची उदाहरणे होत. ही नियंत्रके दोन प्रकारे काम करतात. एक तर ती एंझाइमाच्या जोडीतील दोन घटक एकमेकांपासून अलग करतात. दुसरे म्हणजे घटक आय या प्रथिन-विघटक एंझाइमाला हाताशी धरून ती सी३बी व सी४बी यांना छेद देववितात व त्यांपासून पुन्हा एंझाइम बनणे अशक्य करतात. या सर्व नियंत्रकांची रचना एकाच नमुन्याची असते. सुमारे ६० ॲमिनो अम्लांचा एक विभाग असे अनेक विभाग, माळेतील मण्यांप्रमाणे, एकापुढे एक ओवलेले असतात. पुढे व्हायरसात जे सापडले ते याच मण्यांची एक लहान माळ होती.

देवी व मुंबई : इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर (१७ मे १७४९–२६ जानेवारी १८२३) यांनी १४ मे १७९६ रोजी एका मुलाला गोस्तन-देवीच्या फोडातील द्रव टोचला व त्याला देवीपासून संरक्षण मिळते असे दाखविले. हा द्रव उष्ण हवेत लांबच्या प्रवासात निकामी होत असे. त्यामुळे तो व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद व बसरा या मार्गाने टप्प्याटप्प्याने भारताकडे आणण्यात आला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ही लस टोचण्यात आली व ती यशस्वी झाली. तिच्या दंडावरील फोडातून इतर मुलांना व त्यांच्यापासून आणखी मुलांना, अशा रीतीने लस जिवंत ठेवून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास व श्रीलंका येथे पोहोचविण्यात आली. लशीसाठी शीतपेट्या नव्हत्या तेव्हा मुलांचे दंड हेच तिचे वाहन होते.

लस टोचण्याबाबतचा कायदा १८८० मध्ये झाला. पुढे वासरांच्या कातडीवर लस वाढविण्याची पद्धत रूढ झाली व बेळगाव येथील लस संस्था हे त्या कामाचे एक प्रमुख केंद्र बनले. लशीत वाढविला जाणारा व्हायरस गोस्तन-देवीच्या व्हायरसाहून वेगळा आहे, हे ॲलन डाउनी यांनी १९३९ साली दाखवून दिले. या व्हायरसाला व्हॅक्सिनिया असे म्हणतात. देवीचा व्हायरस (व्हॅरिओला), गोस्तन-देवीचा व्हायरस व व्हॅक्सिनिया हे एकाच गटातील निकटचे भाऊबंद होत. व्हॅरिओला फक्त मनुष्यालाच नैसर्गिक रीत्या बाधतो व त्याच्या उग्र प्रकारात लस न टोचलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत असत. व्हॅक्सिनियामुळे मात्र बहुधा दंडावर एक फोड येऊन व्रण राहतो. इतक्या जवळच्या नात्यातील दोन व्हायरसांच्या स्वभावात एवढे अंतर का असावे, हा प्रश्न अनेक वर्षे अनुत्तरित होता.

उल्हास खोऱ्यातील शहरे : देवीचा व्हायरस माणसाकडून माणसाकडे जातो व त्याला टिकून राहण्यासाठी दाट वस्ती लागते. मुंबईलगतच्या उल्हास नदीच्या खोऱ्यात अशी वस्ती विसाव्या शतकात झपाट्याने वाढली. दुसऱ्या महायुद्धातील कल्याण येथील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे ९४ हजार निर्वासितांना आश्रय देण्यात आला. या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. शेजारचे अंबरनाथ कारखान्यांमुळे व बदलापूर लोहमार्गामुळे वाढले. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार व बदलापूरची १ लाख ७४ हजार होती.

या शहरांच्या वाढीचा काळ आणि देवीच्या निर्मूलनाचा काळ यांचा संबंध ध्यानात घेण्याजोगा आहे. भारतात राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. १९७४ साली देशात देवीचे १ लाख ८८ हजार रुग्ण नोंदले गेले. पण मे १९७५ नंतर एकही रुग्ण आढळला नाही. १९७७ मध्ये भारत आणि १९८० मध्ये संपूर्ण जग देवीमुक्त झाल्याचे घोषित करण्यात आले व नेहमीची लस टोचणी बंद झाली. निर्वासित म्हणून आलेल्या पिढीच्या दंडावर दिसणारा लशीचा व्रण त्यांच्या नातवंडांच्या दंडावर नाही. बदलापूर-अंबरनाथची बहुतेक वाढ तर लस बंद झाल्यानंतरची आहे. अशा रीतीने या पट्ट्यात एकाच घरात देवीविरुद्ध संरक्षित झालेली व कधीच न झालेली अशा दोन पिढ्या नांदतात. देवी गेली तरी तिच्या कुलातील इतर व्हायरस उरले आहेत आणि म्हणून त्यांची शस्त्रे कोणती, हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही.

व्हॅक्सिनियाच्या निरोधकाचा शोध : अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गिरीश कोतवाल व बर्नार्ड मॉस हे व्हॅक्सिनियाने बाधित कोशिकांतून बाहेर टाकल्या जाणाऱ्या प्रथिनांचा अभ्यास करीत होते. त्यांतील एका प्रमुख प्रथिनाचा रेणुभार सुमारे ३५ हजार होता. त्याच्या ॲमिनो अम्लांचा क्रम पाहता तो मनुष्याच्या सी४बी-बंधक प्रथिनाशी लक्षणीय रीत्या जुळतो, असे त्यांना १९८८ मध्ये आढळून आले. शत्रूच्या गोटात आपल्याच सैन्याची मुद्रा सापडावी, तसा हा शोध होता. या प्रथिनाला व्हॅक्सिनिया पूरक-नियंत्रक प्रथिन किंवा संक्षेपाने व्हीसीपी म्हणतात. ते पूरकाची शृंखला खरोखरच रोखते, हे १९९० मध्ये सिद्ध झाले. व्हायरसाच्या पूर्वजाने एखाद्या आश्रयी प्राण्याचा नियंत्रक जीन उचलला व तो स्वतःच्या उपयोगासाठी छाटून ठेवला असावा, असे यावरून मानले जाते.

हा जीन काढून टाकलेला व्हॅक्सिनिया तयार करून स्ट्यूअर्ट आयझॅक्स, कोतवाल व मॉस यांनी १९९२ मध्ये तो सशांच्या कातडीत टोचला, तेव्हा मूळ व्हायरसापेक्षा लहान व्रण उठले. प्रतिपिंड व पूरक यांच्या संयुक्त माऱ्यासमोर हा व्हायरस अधिक दुबळा ठरला. बॉर्दे यांनी ज्या दोन पदार्थांचे सहकार्य ओळखले होते, नेमके तेच सहकार्य व्हायरस मोडून काढीत होता.

बंधन व निरोधन : व्हीसीपीच्या पूर्ण रेणूत २४४ ॲमिनो अम्ले असून ती चार मण्यांत विभागलेली असतात. त्याची स्फटिकरचना २००१ साली प्रसिद्ध झाली. तीत हे चार मणी एका लांबट काठीसारखे मांडलेले दिसतात. हे प्रथिन सी३बी व सी४बी या दोहोंना चिकटते. चिकटल्यावर ते एंझाइमाच्या जोडीतील दुसरा घटक बाजूला सारते. अभिजात मार्गातील एंझाइमावर हा परिणाम विशेष दिसतो. याखेरीज ते घटक आयला सी३बीच्या साखळीशी योग्य स्थितीत आणून छेद देण्यास मदत करते. अरविंद साहू, आयझॅक्स, सूलिका व जॉन लँब्रिस यांनी १९९८ मध्ये दाखविले की, व्हीसीपीच्या साहाय्याने मुख्यतः पहिलाच छेद होतो. परंतु तेवढ्यानेही सी३बी निकामी होते व त्यापासून पर्यायी मार्गाचे एंझाइम बनू शकत नाही.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. हे निरोधक एंझाइमाची कर्तरी बोथट करीत नाही. ते कर्तरीची दोन पाती अलग करते आणि त्यांपैकी एक पाते शरीराच्याच दुसऱ्या एंझाइमाकडून तोडवून घेते. घटक आय हा शरीराचा स्वतःचा रक्षक आहे. व्हायरस त्याला फक्त चुकीच्या ठिकाणी कामाला लावतो.

देवीच्या व्हायरसाचे निरोधक : व्हॅरिओलाच्या दोन वाणांच्या जीनसंचांचे वाचन १९९० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाले. त्यांपैकी एक वाण १९६७ मध्ये भारतात मिळालेला होता. त्यात व्हीसीपीशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा जीन आढळला. दोन्ही प्रथिनांत केवळ ११ ॲमिनो अम्लांचा फरक होता. व्हॅरिओला हाताळण्यास जगात फक्त दोनच प्रयोगशाळांना परवानगी आहे. म्हणून एरिएला रोझेनगार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीसीपीच्या जीनमध्ये हे ११ बदल करून देवीचे प्रथिन कृत्रिम रीत्या बनविले. त्याला त्यांनी इंग्रजी आद्याक्षरांवरून स्पाइस हे नाव दिले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत स्पाइस हे मानवी सी३बी निष्प्रभ करण्यात व्हीसीपीपेक्षा जवळजवळ शंभरपट व सी४बीच्या बाबतीत सुमारे सहापट प्रभावी ठरले. लशीतील व्हायरस व देवीचा व्हायरस यांच्या स्वभावातील अंतराचे एक कारण अशा रीतीने रेणूच्या पातळीवर दिसून आले.

पुण्यातील संशोधन : अमेरिकेत या विषयावर काम केल्यानंतर अरविंद साहू यांनी पुणे येथील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात व्हायरसजन्य पूरक-निरोधकांच्या अभ्यासाला वाहिलेला गट उभा केला. कापोसी मांसार्बुदाशी संबंधित असलेल्या हर्पीझ व्हायरसाचे ‘कापोसिका’ नावाचे निरोधक व माकडांतील सैमिरी हर्पीझ व्हायरसाचे निरोधक यांच्या कार्याचे विवरण या गटाने केले. कापोसिकाविषयीचे काम २००३ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ब्रिटनमधील एका गटानेही त्याच प्रथिनाचे कार्य दाखविले. पूरकाला अडविण्याची ही युक्ती देवीच्या कुलापुरती मर्यादित नाही, हे यातून स्पष्ट झाले.

देवीच्या बाबतीत या गटाने विचारलेला प्रश्न साधा होता : ११ फरकांपैकी खरे महत्त्वाचे कोणते? व्ही. एन. यादव, के. प्याराम, ज. मलिक व साहू यांनी एकेक फरक आलटूनपालटून प्रथिने तयार केली व २००८ मध्ये असे दाखविले की, स्पाइसची वाढीव शक्ती मुख्यतः चार स्थानांवर अवलंबून असते. ९८ व १०३ या स्थानी टायरोसीन आणि १०८ व १२० या स्थानी लायसीन हे ॲमिनो अम्ल असणे निर्णायक आहे. व्हीसीपीमध्ये १०८ व १२० या स्थानी ऋण विद्युत् भार असलेले ग्लुटामिक अम्ल असते, तर लायसिनावर धन विद्युत् भार असतो. म्हणजे भाराची केवळ दिशा उलटल्याने प्रथिनाची मानवी सी३बी व घटक आय यांच्याशी जवळीक वाढते.

याच गटाने २०१२ मध्ये यापुढचे पाऊल टाकले. स्पाइस मानवी पूरकावर अधिक परिणाम करते हे आधी माहीत होते. त्याउलट व्हीसीपी हे गाईबैलांच्या पूरकावर स्पाइसपेक्षा अधिक परिणाम करते व या आवडीनिवडीचे मुख्य कारण मधल्या मण्यांवरील उलट भार हेच आहे, असे त्यांनी दाखविले. दोन शतके वासरांच्या व माणसांच्या कातडीत वाढविल्या गेलेल्या लशीच्या व्हायरसाने आपले शस्त्र गुरांसाठी धारदार ठेवले होते. केवळ मनुष्यावर जगणाऱ्या देवीच्या व्हायरसाने ते मनुष्यासाठी पारजले होते.

आजचे महत्त्व : महाराष्ट्रात या कुलाचा प्रत्यक्ष संबंध म्हैस-देवीच्या रूपाने येतो. हा रोग व्हॅक्सिनियाच्या अतिशय जवळच्या व्हायरसामुळे होतो. म्हशींच्या आचळांवर फोड येतात व धारा काढणाऱ्यांच्या हातांना त्याची लागण होते. २००९ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात म्हशींत व माणसांत अशी साथ आढळली होती व तिचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने केला. मुंबईला दूध पुरविणारे गोठे जिथे जिथे आहेत, तिथे या रोगाचे ज्ञान उपयोगाचे आहे.

आफ्रिकेतील माकड-देवीच्या व्हायरसाच्या (एमपॉक्स) मध्य आफ्रिकी वाणांत स्पाइसचे आखूड झालेले रूप सापडते, तर पश्चिम आफ्रिकी वाणांत हा जीन नसतो. मध्य आफ्रिकी वाण अधिक उग्र असल्याने या फरकाकडे प्रथम मोठ्या अपेक्षेने पाहिले गेले. तथापि प्राण्यांवरील प्रयोगांत केवळ हा एक जीन काढल्याने सर्व उग्रता जात नाही, असे दिसून आले. देवीच्या कुलातील व्हायरसांजवळ प्रतिकारयंत्रणेला चकविणारी इतरही अनेक प्रथिने असतात. पूरक-निरोधक हे त्यांपैकी एक होय. म्हणून ११ ॲमिनो अम्लांच्या फरकात देवीची सर्व भयानकता सामावलेली आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य नाही.

निरोधक पेप्टाइडे : व्हायरसाने शोधलेला मार्ग औषधासाठी वापरता येईल काय, याचा विचार स्वाभाविक होता. पूरक तंत्र अनावर झाल्यास ते स्वतःच्या तांबड्या कोशिका, मूत्रपिंडे किंवा डोळ्यांतील जालपटल यांना इजा करते. अशा रोगांत सी३ अडविणारा लहान रेणू हवा होता. तो मिळाला तोही एका वेगळ्या व्हायरसाच्या मदतीने. सूक्ष्मजंतूंना बाधणाऱ्या व्हायरसाच्या (बॅक्टिरिओफाजाच्या) आवरणावर हवे ते पेप्टाइड प्रकट करण्याची युक्ती जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये काढली होती. तीबद्दल त्यांना २०१८ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या युक्तीने असंख्य यादृच्छिक पेप्टाइडे धारण करणाऱ्या फाजांतून सी३ला चिकटणारे फाज निवडून साहू, ब्रायन के व लँब्रिस यांनी १९९६ मध्ये एक पेप्टाइड मिळविले. ते छाटून १३ ॲमिनो अम्लांचे व डायसल्फाइड बंधाने वलयाकार झालेले पेप्टाइड तयार केले गेले. त्याला कॉम्पस्टॅटिन म्हणतात.

कॉम्पस्टॅटिनाची कार्यपद्धती व्हीसीपीहून भिन्न आहे. ते एंझाइम मोडीत नाही. सी३ला चिकटून ते त्याला एंझाइमाच्या मिठीत शिरू देत नाही. त्यामुळे छेदच होत नाही. २००७ मध्ये सी३च्या तुकड्याशी जखडलेल्या या पेप्टाइडाची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. त्यापासून विकसित केलेल्या पेगसेटाकोप्लान या औषधाला अमेरिकेत मे २०२१ मध्ये रात्री तांबडी लघवी होणाऱ्या एका दुर्मिळ रक्तक्षयावर व फेब्रुवारी २०२३ मध्ये वृद्धापकाळी जालपटल झिजण्याच्या एका विकारावर वापरण्याची परवानगी मिळाली.

या उपचाराची मर्यादा त्याच्या कार्यातच दडलेली आहे. पूरक अडविलेल्या रुग्णाला मस्तिष्कावरणशोथ उत्पन्न करणाऱ्या जंतूंसारख्या आवरणयुक्त सूक्ष्मजंतूंचा धोका वाढतो. म्हणून असे औषध सुरू करण्यापूर्वी त्या जंतूंविरुद्ध लस टोचणे आवश्यक असते. पूरकाशिवाय शरीराचे काय होते, हे व्हायरस फार पूर्वीपासून दाखवीत आले आहेत. वैद्यकाला तेच शस्त्र हाती घ्यावयाचे, तर त्या शस्त्राने उघडी पडणारी बाजू लशीने झाकावी लागते. मुंबईत एका मुलीच्या दंडावर सुरू झालेल्या लशीच्या कामाची गरज त्यामुळे संपत नाही. देवी गेल्यानंतरही ती नव्या रूपात उरते.